वर्ग आणि घन: आमच्या ओसरीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात संध्याकाळचे पाच वाजले की ओसरीवर आठ-दहा मुलं चटई पसरून माझ्याकडे गणित शिकायला बसतात. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, पाचवीपासून इंग्रजीत गणित करणारी आणि आपसात कोकणीत भांडणारी. वर्ग आणि घन यांच्यावर त्यांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि एकदा एका आजोबांनी काढलेले प्रश्न इथे उतरवून ठेवले आहेत. पाठांतराच्या युक्त्या हव्या असतील तर त्याही मध्येच कुठेतरी सापडतील.

संख्येचा वर्ग म्हणजे नेमकं काय?

एखाद्या संख्येला तिनेच एकदा गुणायचं, आलेलं उत्तर म्हणजे तिचा वर्ग. ५ × ५ = २५, म्हणून पाचाचा वर्ग पंचवीस, आणि लिहायचं ५². खरं तर वर्ग आपल्याला नाव कळायच्या आधीच पाठ असतात. बे दुणे चार, तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, पाच पाचे पंचवीस, सहा सक छत्तीस. प्रत्येक पाढ्यात एक ओळ वर्गाची असतेच. गंमत अशी की "सहाचा वर्ग किती?" विचारलं की मूल वहीकडे बघतं आणि "सहा सक?" म्हटलं की झोपेतसुद्धा छत्तीस सांगतं.

मी मुलांना काजूच्या बिया देते. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच बिया. चारही बाजूंनी मोजलं तरी पाचच भरतात. वर्ग असा जमिनीवर मांडून दाखवता येतो. चोवीस बिया दिल्या तर कितीही सरकवल्या तरी असा चौरस होत नाही, एक बी कमी पडते. मूल ती मागायला आलं की समजावं, याला कळलं.

मग घन कसा मांडायचा?

घन मांडायला जमीन पुरत नाही, वर चढावं लागतं. लुडोचे फासे घ्या. खाली दोन ओळींत दोन-दोन, त्यावर तसाच दुसरा थर. आठ फासे लागले, म्हणजे २ × २ × २ = ८, लिहायचं २³. तीनाचा घन करायला २७ फासे लागतात आणि तेवढे जमवायला अर्ध्या वाड्यावरच्या लुडोंचे डबे उघडावे लागतात. पाढ्यात घनाची ओळ नसते, म्हणून मुलांना तो परका वाटतो. अवघड असं त्यात काही नाही.

५² म्हणजे १० का नाही?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा तो प्रश्न म्हणून येतच नाही, वहीत उत्तर म्हणून येतो. वर बसलेला छोटा २ "दोनाने गुणा" असं सांगत नाही. "पाच हा अंक गुणाकारात दोन वेळा लिहा" असं सांगतो. तसंच ३³ म्हणजे ३ × ३ × ३ = २७, नऊ नव्हे.

यात चूक मुलाची कमी आणि आपली जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण पहिलं उदाहरण २² चं देतो. दोन अधिक दोन चार, दोन गुणिले दोनही चार. मुलाने मनात चुकीचा नियम बांधला तरी उत्तर बरोबर येतं, आणि तो नियम पुढे दोन वर्षं हलत नाही. सुरुवात ५ किंवा ७ ने करा. दोनाची पाळी सर्वांत शेवटी.

शाळेचा वर्ग आणि हा वर्ग एकच का? आणि 'घन' म्हणजे तर ढग!

शब्द एकच, अर्थ निराळे. आर्यभटाने आपल्या ग्रंथात एका श्लोकात दोन्हींची व्याख्या करून टाकली आहे. चार समान बाजूंची आकृती आणि दोन सारख्या संख्यांचा गुणाकार, या दोहोंना वर्ग म्हणायचं. तीन सारख्या संख्यांचा गुणाकार आणि बारा कडांची आकृती, या दोहोंना घन. म्हणजे आकृती आणि संख्या यांना त्याने मुळात वेगळं ठेवलेलंच नाही. बारा कडा खऱ्याच आहेत का ते फासा हातात घेऊन मोजा. वरच्या चार, खालच्या चार, उभ्या चार. डोळे मिटून सांगायला लावलं तर मुलं हमखास सहा किंवा आठ म्हणतात, कारण सहा बाजू आणि आठ कोपरे डोक्यात असतात.

याच आर्यभटाने स्वतःचं वयही एका वर्गात सांगितलंय. कलियुगाची 'साठ वर्षांची साठी' उलटली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, असं तो म्हणतो. साठाचा वर्ग ३६००. त्यावरून इ. स. ४९९ हे साल निघतं.

घन म्हणजे भरीव, दाट. घनदाट अरण्यातला घन तोच. ढगही त्याच अर्थाने घन. लोहाराचा मात्र घण, त्यात ण. गेल्या वर्षी एकाने पेपरात "चाराचा घण ६४" लिहिलं होतं. गुण मिळाले.

५ चौरस मीटर आणि ५ मीटर चौरस यांत फरक काय?

पाचपट फरक. '५ चौरस मीटर' म्हणजे एक मीटर बाजूचे पाच चौरस, कसेही जोडलेले. '५ मीटर चौरस' म्हणजे ज्याची प्रत्येक बाजू ५ मीटर असा चौरस, म्हणजे २५ चौरस मीटर. बोलताना हे दोन्ही एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि कागदावर सही करायच्या वेळी वाद होतात.

गोव्यात भूखंड चौरस मीटरमध्ये विकतात. पण घर बांधायचं म्हटलं की बोलणी फुटात सुरू होतात आणि इथे मोठी माणसंही घसरतात. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून ३०० चौरस मीटरचे झाले ९८४ चौरस फूट, असा हिशेब एका पालकाने मला करून दाखवला होता. चौरसाला दोन बाजू असतात, दोन्ही बाजू फुटांत बदलायला हव्यात. ३.२८ × ३.२८ म्हणजे सुमारे १०.७६. तेव्हा ३०० चौरस मीटरचे साधारण ३२२९ चौरस फूट होतात. हे ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले.

पलीकडे सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांशी बोलताना गुंठा येतो. गुंठा हा स्वतःच एक सुरेख वर्ग आहे, ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. वारात मोजला तर ११ बाय ११, म्हणजे १२१ चौरस वार. आपल्या मापात जेमतेम १०१ चौरस मीटर.

आणि घनमीटर? ब्रास?

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी जागा म्हणजे एक घनमीटर. त्यात १००० लिटर पाणी मावतं. नळाच्या बिलावर १८ युनिट दिसले तर ते १८ घनमीटर, म्हणजे १८ हजार लिटर. मुलांना बिल वाचायला द्या, धड्यातल्या उदाहरणापेक्षा लवकर कळतं.

पावसातही घनमीटर लपलेला असतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तो बरोबर एक लिटर भरतो. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हा १०० चौरस मीटरच्या छपरावर तीन लाख लिटर, अर्थात ३०० घनमीटर. मे महिन्यात टँकरची वाट बघताना हा आकडा आठवू नये.

ब्रास म्हणजे वाळू-खडीच्या बाबतीत १०० घनफूट. गिलाव्याच्या कामात मात्र गवंडी १०० चौरस फुटांनाही ब्रासच म्हणतो. कोणता ब्रास ते आधी विचारून घ्या.

टाकीची मापं निम्मी केली की पाणी निम्मं होतं ना?

नाही. हे मी पैसे मोजून शिकले आहे. घरामागे एक मीटर लांब-रुंद-उंच अशी सिमेंटची टाकी होती. परसातल्या झाडांसाठी तिच्या निम्म्या पाण्याची दुसरी बांधायची ठरली. मी गवंड्याला सांगितलं, "सगळं निम्मं घे." त्याने इमानदारीत लांबी, रुंदी, उंची तिन्ही अर्धा-अर्धा मीटर घेतलं. टाकी झाली, दिसायला छान, पाणी १२५ लिटर. चार माडांना घातलं की तळ दिसायचा. ५०० च्या हिशेबाने बसलेली मी, गणिताची बाई!

तिन्ही मापं निम्मी केली की पाणी अर्ध्याच्या अर्ध्याचं अर्धं होतं, म्हणजे आठवा हिस्सा. बाजू ८० सेंटिमीटर सांगितली असती तर ५१२ लिटर मावलं असतं, कारण आठाचा घन ५१२. एका मीटरवरून ८० सेंटिमीटर, फक्त वीस कमी, आणि पाणी जवळजवळ निम्मं. घन असाच डोळ्यांना फसवतो.

वर्गातही हेच, फक्त थोडं सौम्य. बारा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत दोन फुटी लाद्या ३६ लागतात. एक फुटी घेतल्या तर ७२ नव्हे, १४४.

१५, २५, ३५ यांचे वर्ग पटकन कसे करायचे?

शेवटी २५ लिहा, आणि पुढे दशकाचा अंक गुणिले त्याच्या नंतरचा अंक. ३५ साठी ३ × ४ = १२, उत्तर १२२५. ८५ साठी ८ × ९ = ७२, उत्तर ७२२५. ही युक्ती सगळीकडे सांगतात. ती का चालते ते मला एका आजोबांनी दाखवलं.

नातीला न्यायला आले होते, पायरीवर बसून ऐकत होते. ३५ चा वर्ग चालला होता. ते तिथूनच म्हणाले, "औटाचा औट सव्वाबारा. तेच तर तुमचं १२२५." औट म्हणजे साडेतीन. त्यांच्या वेळी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घ्यायचे. मग त्यांनी म्हणूनच दाखवलं: दीड दीड सव्वादोन, अडीच अडीच सव्वासहा, साडेतीन साडेतीन सव्वाबारा, साडेचार साडेचार सव्वावीस, साडेपाच साडेपाच सव्वातीस. प्रत्येक उत्तर 'सव्वा'वर येऊन थांबतं. मुलं खिदळायला लागली आणि साडेसहाचं आपणच करून मोकळी झाली. सव्वाबेचाळीस.

कागदावर करून बघा. साडेतीन बोटं बाजूचा चौरस कापा. त्याच्या एका कडेची अर्धा बोट रुंद पट्टी कापून काढा. उरला तीन बाय साडेतीनचा तुकडा. आता ती पट्टी त्याच्या तीन बोटांच्या बाजूला चिकटवा. तीन बाय चारचा आयत झाला, म्हणजे बारा, आणि पट्टीचा अर्धा बाय अर्धा तुकडा हातात उरला. अर्ध्याचं अर्धं पाव. बारा आणि पाव, सव्वाबारा. दोन्ही साडेतीन दहापट करा, १२२५. सव्वातला पाव म्हणजेच शेवटचे ते २५.

ठिपक्यांच्या रांगोळीत वर्ग असतात हे खरं का?

खरं. '१ ते ७ ते १' अशी रांगोळी घ्या. पहिल्या ओळीत एक ठिपका, मग दोन, तीन, असं सातापर्यंत आणि पुन्हा उतरत एकापर्यंत. एकूण ठिपके किती? बेरीज करू नका. मान जरा तिरकी करून बघा, तो कोपऱ्यावर उभा असलेला सात बाय सातचा चौरस आहे. ४९.

दुसरी गंमत विषम संख्यांची. एक ठिपका काढा. त्याच्या दोन बाजूंनी आणि कोपऱ्यात मिळून तीन काढा, चार झाले. पुन्हा तसाच कोपरा जोडायला पाच लागतात, नऊ झाले. मग सात, सोळा. १ + ३ + ५ + ७ + ९ = २५. वर्गाच्या भोवती अंगण वाढवत न्यायचं. म्हणून ३० चा वर्ग ९०० माहीत असला की ३१ चा काढायला गुणाकार लागत नाही. ९०० त ३० आणि ३१ मिळवा, ९६१.

शेवटचा अंक बघून वर्गसंख्या ओळखता येते का?

नाही म्हणता येतं, हो म्हणता येत नाही. पूर्ण वर्गाच्या शेवटी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ च येतो. २, ३, ७, ८ दिसला की ती वर्गसंख्या नाही, विषय संपला. पण १ दिसला म्हणून ती वर्ग असेलच असं नाही. आमच्या एका मुलीने विचारलं, "बाई, १९६१?" गोवामुक्तीचं साल, गोव्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक. शेवटी १ आहे, पण ४४ चा वर्ग १९३६ आणि ४५ चा थेट २०२५, १९६१ मध्येच राहिला. तो ३७ × ५३ आहे.

२०२५ वरून आठवलं. १ पासून ९ पर्यंतच्या संख्यांची बेरीज ४५, तिचा वर्ग २०२५. आणि १ पासून ९ पर्यंतच्या सगळ्या घनांची बेरीज केली तरी २०२५ च! लहानांवर करून बघा: १ + ८ + २७ = ३६, आणि १ + २ + ३ = ६, सहा सक छत्तीस. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्येही ४५ बसते, कारण २०२५ मधले २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. पुढचं वर्गसंख्येचं साल २११६.

२३ चा वर्ग करताना २० चा आणि ३ चा वर्ग मिळवला तर ४०९ येतात. चुकलं कुठे?

वीस बाय वीसची खोली आणि तीन बाय तीनची मोरी. दोघींमधल्या दोन पट्ट्या विसरलात. प्रत्येक पट्टी २० × ३ = ६०. तेव्हा ४०० + ६० + ६० + ९ = ५२९. पुस्तकातलं सूत्र हेच आहे, पण मधलं पद गळायचं थांबतं ते चित्र काढल्यावर.

वर्ग केल्यावर संख्या लहान कशी होते?

अर्ध्याचा अर्धा घेतला तर पावच मिळणार. एकापेक्षा लहान अपूर्णांकाचा वर्ग लहान होतो, घन त्याहून लहान. ०.३ चा वर्ग ०.०९, मुलं ०.९ लिहितात. पैशांत सांगा, ३० पैशांना ०.३ ने गुणलं तर ९ पैसे.

ऋण संख्यांचं काय?

(–४)² = १६, (–४)³ = –६४. कंस नसेल तर –४² हे गणितात –१६ धरतात, आधी वर्ग आणि मग चिन्ह. एक्सेलमध्ये मात्र हेच टाइप केलं तर १६ येतात. पोराने दाखवून दिलं तेव्हा मी कंसांवर आणखीच कडक झाले.

वर्गमूळ आणि घनमूळ म्हणजे उलटा प्रवास ना?

हो. क्षेत्रफळावरून बाजूकडे यायचं. गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर. ६० चा वर्ग ३६००, ६१ चा ३७२१. म्हणजे अख्खा गोवा चौरसात बसवला तर बाजू ६१ किलोमीटरला जराशी कमी. बसने दोन तासांत आरपार.

घनमुळाची एक युक्ती मुलांना जादूसारखी वाटते. १७५७६ हा पूर्ण घन आहे असं सांगितलंय, मूळ काढा. शेवटचा अंक ६, घनात ६ चा ६ च राहतो, म्हणून एककाला ६. शेवटचे तीन अंक झाका, उरले १७. ते ८ आणि २७ यांच्या मधले, म्हणून दशकाला २. उत्तर २६. लक्षात एवढंच ठेवायचं की घनात २ आणि ८ एकमेकांच्या जागा घेतात, ३ आणि ७ ही. बाकीचे अंक जागचे हलत नाहीत. संख्या पूर्ण घन नसेल तर ही युक्ती खुशाल चुकीचं उत्तर देईल, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

किती पाठ करावेत?

वर्ग २५ पर्यंत, घन १० पर्यंत. जास्त नको.

घर बांधताना गवंडी दोरीला ३, ४, ५ फुटांच्या खुणा करतो, त्याचा वर्गांशी संबंध आहे का?

पायाचा कोपरा काटकोनात आहे का हे तो त्यावरून तपासतो. एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजायचे, मधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोपरा गुण्यात. कारण ९ + १६ = २५. आमच्या गवंड्याला पायथागोरस ठाऊक नाही, पण त्याचा कोपरा आजवर चुकलेला नाही. टाकीची गोष्ट वेगळी, ती चूक माझी.

एकच संख्या वर्गही आणि घनही असू शकते का?

१, ६४, ७२९. चौसष्ट हा आठाचा वर्ग, बुद्धिबळाच्या पटावर मोजा, आणि चाराचा घन. ७२९ मुलांनी स्वतः सोडवावा म्हणून इथे सांगत नाही.

साळावली धरणातलं सगळं पाणी एका घनात ओतलं तर तो केवढा होईल?

हा प्रश्न सहावीतल्या मुलाचा, म्हणून शेवटी ठेवला. धरणाची साठवण सुमारे २३ कोटी ४० लाख घनमीटर. मुलांनी आधी अंदाज लिहिले. कोणी ५० किलोमीटर बाजू, कोणी १००. मग आम्ही फळ्यावर चढत गेलो. १०० मीटरचा घन १० लाख, फारच कमी. ५०० चा साडेबारा कोटी. ६०० चा २१ कोटी ६० लाख, जवळ आलो. ७०० चा ३४ कोटीच्या पुढे, जास्त झाला. ६१६ ला येऊन थांबलो. बाजू ६१६ मीटर, म्हणजे आमच्या गावातल्या देवळापासून बसस्टॉपपर्यंत. "इतकंच?" म्हणून ती मुलं सगळी उठून ते अंतर चालून आली, आणि परत आल्यावर तोच मुलगा म्हणाला, "पण बाई, तेवढंच वरसुद्धा."